माय, मी तिन्ही उपचार घेतले

माय, तुला झालं होतं तेच मला झालं. फुप्फुसाचा कॅन्सर, तिसऱ्या टप्प्याचा, छातीच्या मधल्या गाठींपर्यंत पोचलेला, त्यामुळे ऑपरेशन करून काढता न येणारा. तुला जाऊन तीस वर्षांवर झाली. तू पाहिलेली वीस वर्षांची पोर आता एसटीत कंडक्टरकी करून बावन्न वर्षांची झाली आहे, आणि तुझ्याशी भांडायला बसली आहे.

सौंदडच्या घरात तू चुलीजवळ बसून बिड्या वळायचीस. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, एक डोळा भाताच्या गंजावर. हजारो वळल्यास, पण आयुष्यात एक झुरका घेतला नाहीस. तरी खोकला आला. आधी किती महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. मग नागपूरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "बाई बिडी ओढते का?" तू मान खाली घातलीस, जशी काही चोरीच केली होती. बाबा आधीच गेलेले, म्हणून निर्णय मोठ्या काकांनी घेतला. अजून दिसतं मला. काका घरापुढच्या छपरीत बसले आहेत, चहा बशीत ओततात आणि म्हणतात, "पसरलं म्हणते डॉक्टर. आता कायले तिचे हाल करता? घरीच राहू द्या." मी ओरडते, "मायले विचारलं काय कोणी?" आणि चुलीजवळून तुझाच आवाज येतो, "चूप व पोरी. मोठ्यांपुढं आवाज नाई चढवत." चार महिन्यांत गेलीस.

माझा आवाज बसला तेव्हा मला वाटलं, गाडीत ओरडून बसला असेल. तपासणीत कळलं, गाठ स्वरयंत्राच्या नसेवर दाबत होती. नागपूरची डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. तिनंही विचारलं, "धूम्रपान?" मी म्हटलं, "नाही. आणि असतं तरी औषध कमी देणार होता काय?" ती हसली, मग खुर्ची पुढे ओढून बसली. म्हणाली, "पूर्ण बरं होईल असं वचन देत नाही. पण केमो आणि रेडिएशन सोबतच देऊ, सहा आठवडे. आजार वाढला नाही तर त्यानंतर वर्षभर इम्युनोथेरपी." ते तिसरं काय, विचारलं. कॅन्सरच्या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवून बसतात, हे औषध पहारेकऱ्यांचे डोळे उघडतं, असं ती म्हणाली. मला लगेच कळलं. पास असल्यासारखा चेहरा करून बसलेले बिनतिकीट प्रवासी मी जन्मभर उठवले आहेत.

घरी भाऊ आला. काकांच्याच सुरात म्हणाला, "बाई, या वयात इतकं कायले? आराम कर." मी म्हटलं, "मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली."

सहा आठवडे लेकीसोबत नागपुरात खोली घेऊन राहिले. सोमवार ते शुक्रवार रोज मशीनखाली, आठवड्यातून एकदा शिरेतून केमो. नेम चुकू नये म्हणून छातीवर बारीक ठिपके गोंदले होते. हात डोक्यावर धरून पडायचं, मशीनवरचा पोरगा म्हणायचा, "दीदी, हिलना मत." चौथ्या आठवड्यात अन्ननलिका इतकी सोलवटली की पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा उतरायचा. लेक पातळ पेज थंड करून चमच्यानं भरवायची. मी रडायचे आणि गिळायचे. केस गेले, पाठ काळी पडली. एकही दिवस चुकवला नाही.

इम्युनोथेरपीच्या पाचव्या डोसनंतर दोन पायऱ्या चढले की धाप लागू लागली. जागं केलेलं शरीर आता फुप्फुसावरच उठलं होतं. डॉक्टरनं डोस थांबवले, स्टेरॉइड सुरू केलं. भाऊ म्हणाला, "झालं ना? सांगत होतो." माझ्याजवळ बोलायला श्वास नव्हता, तरी म्हटलं, "थांबवलं आहे. सोडलं नाही." त्या दिवसांत मला तुझा फार राग आला, माय. तूही एवढंच एक वाक्य बोलली असतीस तर! तुझ्या वेळी हे तिसरं औषध नव्हतं, मान्य. पण जे होतं तेही तू मागितलं नाहीस, असं मी नर्सला सांगितलं, भावाला सुनावलं, लेकीला तर कितीदा.

दोन महिन्यांनी श्वास परतला, डोस पुन्हा सुरू झाले, वर्ष पुरं केलं. गाठ आकसली आहे. डॉक्टर म्हणते, उरलंय तो बहुतेक वण आहे, पण नजर ठेवायची. गाडीवरची ड्युटी गेली. डेपोनं फायलींचं काम देऊ केलं, ते मी नाकारलं. आता चौकशीच्या खिडकीत बसते आणि याच घोगऱ्या आवाजात माइकवर गाड्या पुकारते. लोक हसतात. हसू देत, गाडी कुणाची चुकत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? लेकीलाही दाखवणार नाही, कारण तिला मी एक गोष्ट खोटी सांगितली आहे. काकांनी ठरवल्यावर आठेक दिवसांनी, भर दुपारी, मी भाताची पेज निवळत होते. तू खाटेवरून हळूच म्हणालीस, "पोरी, आणखी एकदा नागपूरले जाऊन पाहू काय व?" मला नीट ऐकू आलं होतं. मी पेज निवळतच राहिले. बऱ्याच वेळानं विचारलं, "काही म्हटलं काय?" आणि तू म्हणालीस, "काई नाई."