बाबांच्या घोड्याला वगळून

बाबा,

हे पत्र मी टाकणार नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

दहा वर्षांच्या शर्यतींचे आकडे मी कॉम्प्युटरात भरले. वजन, जॉकी, धावपट्टीची ओल, अगदी घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराचं नावसुद्धा. त्यातून निघालं की एका मोतद्दाराचे घोडे दरवर्षी कबरी झाडायच्या छिंगमिंग सणाच्या आठवड्यात मागे पडतात. नाव तुमचं होतं. कारण कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं, मला होतं. आईची कबर झाडून तबेल्यात परतलात की तुम्ही घोड्यांशी चकार शब्द बोलत नाही.

यंदा कामाचं निमित्त सांगून मी कबरीवर आले नाही. सगळं हाँगकाँग तुमच्या ‘लाल पतंग’ घोड्यावर पैसे लावत होतं, मी त्याला वगळून बाकीच्यांवर लावले. तो सातवा आला आणि मी जिंकले.

संध्याकाळी तुमचा फोन आला.

“यी, माझ्या घोड्यावर लावले नव्हतेस ना गं? आधीच सांगायला हवं होतं. या आठवड्यात माझं चित्त थाऱ्यावर नसतं.”

“नाही बाबा.”

“शहाणी माझी! तुझ्या वाटची संत्री मीच ठेवली आईपुढे. म्हटलं, रागावू नकोस, पोरगी कामात आहे.”

तुमची, कामात असलेली,
सुक-यी