एका दिवसात अकरा वेळा विधवा

चि. धाकटीस,

थोरलीचे भरभरून आशीर्वाद, आणि मेव्हण्यांना माझा नमस्कार सांग (कानातलं यंत्र लावलेलं असेल तेव्हाच सांग, नाहीतर कोणाचा, कोणाचा, म्हणून गल्लीभर विचारत बसतील). तुझ्या टाचेची जखम भरली का? भरली नसेल तर अनवाणी फिरू नकोस. तू ऐकणार नाहीस, तरी लिहिते. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

मी सध्या फार खुशीत आहे, आणि त्याचं कारण असं की परवा शनिवारी माझा नवरा अकरा वेळा वारला. घाबरू नकोस. आमचे हे नऊ वर्षांपूर्वी गेले ते गेलेच, त्यात बदल नाही. पण आधी नातीचं सांगायला हवं. आपली डॉक्टरीण इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आहे, जिथं माणूस चालत येतो कमी आणि उचलून आणतात जास्त, हे तुला ठाऊकच आहे. गेले दोन महिने ही घरी येते, चपला पायात तशाच ठेवून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसते. ताटात बोटं फिरवते आणि उठते. काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही. काही नाही म्हणणाऱ्या माणसाला नेहमी काहीतरी असतं. मग मला तिच्या कप्प्यात नोकरी सोडल्याचा अर्ज सापडला (धूळ पुसत होते, धूळ कप्प्याच्या आत होती). सही केलेली, तारीख टाकायची राहिलेली.

आता ऐक, या डॉक्टरांना दर पाच वर्षांनी पुन्हा शिकावं लागतं. त्याचे गुण जमवायचे, नाहीतर डॉक्टरीचा परवाना पुढे चालत नाही. मला वाटायचं, शाळा एकदा सुटली की सुटली. हिचा एकच वर्ग राहिला होता आणि शनिवार शेवटचा दिवस. ही म्हणते, मी जाणार नाही, परवाना आपोआप जाईल, अर्जसुद्धा द्यायला नको. आईबापांनी समजावलं, उपयोग शून्य. मग मी म्हटलं, ठीक आहे, तू जाणार नाहीस तर मीही रक्तदाबाची गोळी घेणार नाही (घेतली होती आधीच, उगीच मरायचं काही कारण नव्हतं). तेव्हा तोंड फुगवून निघाली. मधेच पळून जाऊ नये म्हणून मी जेवणाचा डबा घेऊन सोबत.

वर्ग म्हणजे इस्पितळाच्या औषधांच्या कोठारावरची मोठी खोली. टेबलांवर कमरेपासून खाली काहीच नसलेली रबरी माणसं मांडलेली, आणि पिकल्या केसांचे डॉक्टर त्यांच्या छातीवर दाबतायत. एका टक्कलवाल्याला इतकी धाप लागली की रबरी माणूस बरा म्हणायची वेळ आली. शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात घंटी होती, दर सात मिनिटांनी वाजवायचे. मी त्यांना घंटीवालेच म्हणते. दुपारी काचेच्या छोट्या खोलीत दुसरा पाठ होता: माणूस दगावला हे घरच्यांना कसं सांगायचं. खोटी बायको होऊन येणाऱ्या बाईला ताप आलेला. घंटीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाकावर मी.

"आजी, रडता येतं का?"

"त्यात काय शिकायचंय," मी म्हटलं.

नात बाकीच्यांबरोबर पलीकडच्या खोलीत होती, आणि माझी आजी इथं बसलीय हे तिनं कोणाला सांगितलंच नव्हतं. मला चिठ्ठी दिली: नवरा सुतार, वय सत्तर, छातीत दुखलं म्हणून आणला, तो वारलाय हे तुम्हाला माहीत नाही. डॉक्टरांना नियम असा की समोर बसायचं, माणूस वारला असं सरळ शब्दांत सांगायचं, आणि मग गप्प राहायचं. पहिला आला त्यानं सुतार सोडून सगळ्या यंत्रांची माहिती दिली. दुसरीनं मला इतकं पाणी पाजलं की मधेच उठावं लागलं. टक्कलवाला तर स्वतःच रडला, मग मी त्याच्या पाठीवरून हात फिरवून जेवलास का विचारलं. घंटीवाले चिडले. आजी, तुम्ही त्यांची समजूत घालायची नाही, तुम्ही बोलायचंच नाही. धाकटे, मला असं सांगणं म्हणजे माशाला पोहू नको सांगणं. पण चौथ्यांदा-पाचव्यांदा सुतार गेला तेव्हा मला त्याची सवय झाली होती. अबोल असावा बिचारा. खुर्च्या चांगल्या करत असणार.

अकरावी आपली. दारातच थबकली. मला वाटलं हसेल. हसली नाही. समोर बसली, आणि सुताराचं नाव काढलंच नाही. म्हणाली, दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी एका माणसाला आणलं होतं, खूप धडपड केली, तो गेला. बाहेर त्याची बायको त्याचा चष्मा रुमालानं पुसत बसलेली. तिनं विचारलं, कसे आहेत? आणि आपल्या पोरीच्या तोंडून निघालं, उपचार चालू आहेत. घोटभर पाणी पिऊन सांगते, असं मनाशी म्हणाली. तेवढ्यात दुसरा पेशंट आला, मग तिसरा. ती बाई तीन तास चष्मा पुसत होती. शेवटी तिला फरशी पुसणारीकडून कळलं.

"आजी, तो वारला होता आणि मी सांगितलं नाही."

घंटी वाजली. कोणी उठलं नाही. आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही असं तू आयुष्यभर म्हणत आलीस, ती मी एक शब्द बोलले नाही.

घंटीवाले आत आले. काचेआडून सगळं ऐकलं असणार, पण बघत होते कागदाकडे. म्हणाले, सुतार राहिला, पुन्हा करा. ती बाहेर गेली, पुन्हा आत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, तुमचे पती वारले. एवढंच. मग थांबली. धाकटे, त्या सुतारासाठी मी खरी रडले.

गुण मिळाले, परवाना राहिला. मलाही कागद दिला, त्यावर छापील नाव आहे (चौथीनंतर माझं नाव कुठं लागलं होतं?). तो मी आरशाला लावलाय, म्हणून सध्या कोणाला भांग नीट पाडता येत नाही. अर्ज अजून कप्प्यातच आहे. धूळ रोज पुसते.

तुझी,
थोरली

ता. क. मी एक शब्द बोलले नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. ती चष्मा पुसणारी बाई कुठं राहते, एवढं विचारलं.

पुन्हा ता. क. तुझ्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर (तुमच्याकडचे पेशंट इथंच आणतात, पत्ता पोरीनं इस्पितळाच्या कागदावर वाचला होता). म्हणूनच पोरगी दोन महिने तुझ्याकडे फिरकली नाही. आता म्हणते, जाऊन तिच्या तोंडावर सांगायचंय. या रविवारी दहाच्या गाडीनं येतेय. तू शनिवारी त्या बाईकडे जा, कोण येणार आणि का, ते आडवळण न घेता सांग, आणि भेटशील का ते विचार. ती नाही म्हणाली तर तसंच कळव, तिचा हक्क आहे.

शेवटचं. मी येत नाहीये. गुडघे दुखतात असं पोरीला सांगितलंय. गुडघे ठणठणीत आहेत, पण मी बरोबर असले तर तिच्या वाटचंही मीच बोलून टाकीन.