दुखवट्याचे बारा पाव

काब्वे,
१४ जून १९९६

ती. इनोंगेताईस,
नामाकाऊचा शि. सा. न. वि. वि.

इथल्या जूनच्या थंडीनं बोटं वाकत नाहीत, तेव्हा अक्षर सांभाळून घे. बातमी मात्र एका ओळीची आहे. मला नोकरी लागली! मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत पाव करायची. एक तारखेपासून जायचंय. खाण बंद पडल्यापासून मुबिता दोन वर्षं घरी बसलेला आणि मला टाइप करण्यापलीकडे काही येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आता निदान पोरांच्या शाळेची काळजी मिटेल.

बुधवारचा दिवस कसा गेला तो ऐक. आमच्या गल्लीतले म्हातारे चिसेंगा सोमवारी वारले. दुखवट्याला येणाऱ्यांसाठी पाव करायचं काम चर्चच्या महिला मंडळानं दोघींवर टाकलं, एक मी आणि दुसरी माझी शेजारीण बाना चोला. चोलाची आई म्हणून सगळे तिला तशीच हाक मारतात. नेमकी त्याच दिवशी दहा वाजता शाळेत मुलाखत, आणि घरी भाजलेले बारा पाव घेऊन या असा निरोप. बोलावणं बाना चोलालाही होतं. पण ती म्हणाली की दोघींनी पाठ फिरवली तर मयताच्या घरी कोण बघणार, तू जा बाई, तुझ्या घरात कमावतं कुणी नाही, माझा चोला दोन पैसे आणतो तरी. आणि ती भट्टीपाशी राहिली.

मी पाव घेऊन गेले. मेट्रन सिवालेबाईंनी एक मोडला, हुंगला, खाल्ला आणि विचारलं की ही आंबूस गोडी कसली. मी सांगितलं की यीस्टऐवजी मुंकोयोच्या आंबलेल्या पेयाचा साका घालते, ही माझ्या आईची रीत. त्या म्हणाल्या की अशी आई नशिबानं मिळते. जागा तिथल्या तिथे मला दिली.

तिथून धावत दुखवट्याच्या घरी गेले, चहा वाटला, भांडी घासली. काही पाव करपके निघाले. त्यावरून मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी बाना चोलाला चारचौघींत बरंच सुनावलं. असो.

मुबितानं आनंदानं कोंबडी कापली. मला काही जेवण गेलं नाही, दगदग फार झाली होती. मुलांना तुझे आशीर्वाद सांगितले. लोभ असावा.

तुझी,
नामाकाऊ


मोंगू,
२६ जून १९९६

चि. नामाकाऊस इनोंगेचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं आणि मी सुक्या मासळीची टोपली तशीच टाकून बाजारभर सांगत सुटले. समोरची भाजीवाली म्हणाली की बहिणीला नोकरी लागली म्हणून मासळी स्वस्त करणार का. मी म्हटलं, महाग करणार!

पण मग घरी येऊन पत्र पुन्हा वाचलं. एक गोष्ट घशात काट्यासारखी अडकली आहे, ती विचारल्याशिवाय राहवत नाही. आपल्या आईनं जन्मात कधी पाव भाजला? ती तर पावाला कापूस म्हणायची आणि पोरांनी खाल्ला की ओरडायची. मुंकोयो तुमच्या तिकडचं पेय. आईनं ते चाखलंसुद्धा नव्हतं. आणि तुझं म्हणशील तर माझ्या लग्नात तू केलेला केक कुत्र्यानं हुंगून सोडला होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

बरं, नोकरी लागल्यावर तुला जेवण गेलं नाही? तू तर तापातही दोन वाट्या जास्त मागणारी.

बाई, ते पाव कुणाचे होते?

मी रागावलेली नाही. अजून तरी नाही. उत्तर लवकर पाठव, आणि माझ्यावरचा लोभ खरं लिहिण्याइतका तरी असू दे.

तुझी,
इनोंगे


काब्वे,
४ जुलै १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून उशीखाली आहे. मुबितानं दोनदा विचारलं की मोंगूला सगळं ठीक ना. मी हो म्हटलं.

ते पाव बाना चोलाचे होते.

माझे सगळे खालून जळले. पिंपाच्या भट्टीत निखारे किती ठेवायचे याचा अंदाज मला कधी आलाच नाही. नऊ वाजून गेले होते. चिसेंगांच्या अंगणात तिचा पहिला घाणा फडक्याखाली निवत ठेवला होता आणि ती पाणी आणायला नळावर गेलेली. मी बारा उचलले. त्यावर न थांबता माझे बारा जळके तिच्या फडक्याखाली ठेवले, मोजदाद जुळावी म्हणून. ताई, हे करताना माझे हात थरथरलेसुद्धा नाहीत. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

फाटकात ती भेटली, डोक्यावर बादली. मला म्हणाली की जा, देव तुझ्या बाजूनं आहे. मी टोपली काखेत घट्ट धरून हो म्हटलं.

परत आले तेव्हा पाव वाटून झाले होते. जळका नेमका चिसेंगांच्या बायकोच्या हातात गेला. अध्यक्षीणबाई बाना चोलाला म्हणाल्या की दुखवट्याच्या घरी कोळसा वाढतेस, विधवेची अशी थट्टा करतात का. यापुढे मयताच्या घरचा पाव तुझ्या हातून नको, असंही सांगितलं. ती खाली मान घालून म्हणाली की भट्टी जास्त तापली असेल. मी तिथंच होते. माझ्या हातात किटली होती. मी तिला चहा ओतून दिला आणि थकलीस ना गं, असं विचारलं.

आईचं नाव का घेतलं, मलाच कळत नाही. तोंडातून निघून गेलं. मेलेल्या आईला मी खोट्यात ओढलं.

सोमवारपासून कामावर जाते आहे. माझे पाव मुली अर्धे टाकून उठतात. काल सिवालेबाई हळूच म्हणाल्या की आईची रीत विसरलात का. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आता मी काय करू ते सांग. लोभ असावा असं लिहायची माझी लायकी नाही, म्हणून लिहीत नाही.

नामाकाऊ


मोंगू,
१२ जुलै १९९६

चि. नामाकाऊस आशीर्वाद.

बसवाल्याच्या हाती हे पाठवते आहे, टपालाची वाट बघवत नाही.

तू जवळ असतीस तर एक थोबाडीत दिली असती आणि मग जेवायला वाढलं असतं. लांब आहेस, तेव्हा दोन्ही राहिलं.

काय करू म्हणून मला काय विचारतेस? तुला ठाऊक आहे. तुला फक्त मी नको म्हणावं असं वाटतंय. ते मी म्हणणार नाही. आधी बाना चोलाकडे जा, नंतर बाकी सगळीकडे. तिच्याकडे जाताना भेट म्हणून काही नेऊ नकोस. रिकाम्या हातानं जा. आणि आईचं मी बघते. रविवारी तिच्या थडग्याशी जाऊन सांगते की तुझ्या नावावर पाव खपले. ती हसेल, मग रडेल.

बाजारात मी काय सांगायचं ते माझं मी बघेन. लोभ आहे तेवढाच आहे. मूर्ख मुली, तो असा कमी होत नसतो.

इनोंगे


काब्वे,
३० जुलै १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि पायांत चपला सरकवून तशीच गेले. बाना चोला दाराशी मका निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली की मला त्याच दिवशी कळलं होतं, माझ्या पिठाला वास असतो, त्या जळक्यांना नव्हता. मागितले असतेस तर सगळा घाणा दिला असता. अध्यक्षीणबाईंचं बोलणं मी संध्याकाळपर्यंत विसरले, पण हातात चहा देऊन थकलीस ना म्हणालीस, ते गिळवत नाही. पाच आठवडे वाट पाहिली तुझी. आणि मग पुन्हा मका निवडायला लागली. मी परत आले.

गुरुवारी मंडळाच्या सभेत उठून बोलले. चाळीस बायका होत्या. मागून कुणीतरी म्हणालं की शिकलेल्या बायका अशाच. अध्यक्षीणबाई उठून बाना चोलापाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सिवालेबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या की कोठाराची किल्ली खोटं बोलणाऱ्या हाती ठेवता येत नाही. मी ॲप्रन काढून घडी करून टेबलावर ठेवला. पुढच्याच आठवड्यात बाना चोलाला बोलावणं आलं. मुली आता एकही तुकडा टाकत नाहीत म्हणे.

मुबिता दोन दिवस रागात होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला की त्या कोंबडीनं तरी काय बिघडवलं होतं. मग आम्ही दोघंही हसलो आणि मला रडू आलं. मी पुन्हा अर्ज करते आहे. काल कापडगिरणीत टाइपिस्टच्या जागेसाठी देऊन आले. तिथं दोनशे बायकांची रांग होती.

शनिवारी पलीकडच्या गल्लीत एक बाई वारली. मी तिथं गेले खरी, पण पीठ मळायला मला कुणी बोलावलं नाही. पाणी आण, एवढंच सांगितलं. सकाळपासून नऊ खेपा घातल्या. दुपारी बाना चोला शाळेतून परस्पर आली, ॲप्रन अंगावर तसाच. चटईवर बसून तिनं पीठ पुढ्यात ओढलं. मी बादली ठेवून वळणार, तेवढ्यात वर न बघता ती जराशी बाजूला सरकली. चटईवर एका माणसाची जागा झाली. मी हात धुतले आणि बसले. तिनं अर्धा गोळा तोडून माझ्यापुढे टाकला. संध्याकाळपर्यंत मळत होतो. आमच्यात बोलणं मात्र अजून झालेलं नाही.

मुलं तुझी आठवण काढतात. लोभ आहेच म्हणतेस, तर तो असू दे. त्याला साजेल असं वागायचा प्रयत्न करते आहे.

तुझी,
नामाकाऊ