तुर्भ्याच्या खोलीवरचा हक्क

मावशी, तुर्भ्याला तुमच्या घराला लागून जी खोली होती, तिथं मी साडेपाच वर्षं भाड्यानं राहिलो, आणि त्यातले शेवटचे दोन महिने तुमच्या मनाविरुद्ध राहिलो. तुम्ही जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दोन महिन्यांबद्दल, तिथून निघाल्यावर, मी तुमच्याशी कधी बोललो नाही. आज बोलतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याकडून येऊन तिथल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो होतो आणि लग्न नुकतंच झालं होतं. तुमची शेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती. नवरा आधीच गेलेला. आलेल्या मोबदल्यातून पुतण्यांनी ट्रक घ्यायचा सल्ला दिला होता, तो न ऐकता तुम्ही चार खोल्या बांधल्या होत्या. मी खोली मागायला आलो तेव्हा तुम्ही ओटीवर बसून तांदूळ पाखडत होता. माझा पगार विचारला नाहीत, जातही विचारली नाहीत. ‘आता रातोस तिथून कशाला निघतोस?’ एवढंच विचारलंत. मी सांगितलं, जागा लहान पडते. तुम्ही मान हलवलीत आणि ‘परवा ये’ म्हणालात. नंतर कळलं की मधल्या दिवशी तुम्ही चालत माझ्या जुन्या घरमालकिणीकडं गेला होता आणि तिच्याकडून माझी सगळी हकिकत काढून आला होता. कारखान्यातल्या साहेबानं मला दोन मिनिटांत नोकरीवर घेतलं होतं. तुम्ही दोन दिवस लावलेत.

जागा तुमच्याकडं आठ खोल्या मावतील एवढी होती. सगळा गाव म्हणायचा, आणखी चार काढ. तुमचं एकच उत्तर, ‘हिरीचं पानी चार चुलींना पुरतं, आठांना नाय.’ दर वैशाखात कौलं शाकारायला माणसं यायची, तेव्हा काम शेवटच्या भाडेकरूच्या खोलीपासून सुरू व्हायचं आणि तुमच्या घरावर संपायचं. एका वर्षी पावसानं घाई केली आणि तुमचंच घर राहून गेलं. तुम्ही चूल भिजू नये म्हणून तिच्यावर पत्रा आडवा टेकवून भाकऱ्या थापताय, आणि आम्ही चारी बिऱ्हाडं कोरडी बसलोय, हे मी दारातून पाहिलेलं आहे. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं. आणि पावती. गावात कोणी भाडेकरूला पावती देत नसे, कारण पावती असली की माणूस निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तुम्ही मात्र शाळेच्या गुरुजींकडून दर महिन्याला पावती लिहून आणायचा आणि खाली अंगठा उठवून माझ्या हातात द्यायचा.

मग तुमच्या मुलीचा नवरा दगडखाणीवर अपघातात गेला. दोन लहान मुलं घेऊन ती माहेरी आली. महिना-दीड महिना तुम्ही काही बोलला नाहीत. मग एका रविवारी माझ्याकडं आलात. म्हणालात, ‘मना तुझी खोली पायजे. भिंतीत दरवाजा काढला की पोरीचं आनि माझं घर एक होईल. तीन महिने घे, जागा बघ.’ मी हो म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो. पण कारखान्यात एकाला हे सांगितलं, तर तो हसला. ‘येडा झाला का रे? पावत्या हायत ना तुझ्याकडं? कायदा भाडेकरूच्या बाजूनं हाय. तुझा बापसुद्धा तुला काढू शकत नाय तिथून. टेन्शन घेऊ नको, बस गपचूप.’ बायकोला आठवा महिना होता. नव्या जागेची वणवण नको वाटत होती. आणि खरं सांगायचं तर, आयुष्यात पहिल्यांदा कायदा माझ्या बाजूनं आहे, या कल्पनेची मला नशा चढली.

तीन महिने संपले त्या दिवशी मी तुमच्या ओटीसमोर उभा राहिलो. आधी घोकून ठेवलेलं वाक्य म्हणालो, ‘मावशी, मी खोली सोडणार नाही. माझ्याकडं सगळ्या पावत्या आहेत.’

 तुम्ही म्हणालात, ‘असतील. मीच दिल्यात ना.’

एवढंच.  मी खोलीत परतलो आणि बायकोला सांगितलं की जिंकलो.

आमची मुलगी तेव्हा वीस दिवसांची होती. बायकोची आई नव्हती, म्हणून पहिल्या दिवसापासून तुम्हीच तिला आंघोळ घालत होता. आता तुम्ही येणार नाही हे मी धरून चाललो होतो. विहिरीवर आम्हाला कोणी जाऊ देणार नाही, हेही धरलं होतं. दोन हंडे आधीच भरून ठेवले होते. सकाळ झाली. तुम्ही नेहमीसारख्या ऊन पाण्याचं भांडं घेऊन आत आलात, पाय लांब करून बसलात, पोरीला नडग्यांवर पालथी घेतलीत आणि तेल चोळायला लागलात. बायको रडायला लागली. तुम्ही तिला म्हणालात, ‘तू कशाला रडतंस? भांडान त्याच्याशी हाय, हिच्याशी नाय.’ मी दाराआड उभा आहे, अंगात कारखान्याचे कपडे आहेत, आणि मला उंबरा ओलांडून बाहेर जाता येत नाही. आजही तो क्षण आठवला की मी तिथंच उभा असतो.

आठवड्याभरानं संध्याकाळी तुमचे दोन पुतणे काठ्या घेऊन आले. आमचं सामान फेकायचं ठरवूनच आले होते. तुम्ही कुठूनशा धावत आलात आणि माझ्या दारात आडव्या बसलात. ‘आत बाळंतीन हाय. काठ्या खाली ठेवा.’ थोरला म्हणाला, ‘काकी, त्यानं तुझी खोली खाल्ली!’ तुम्ही म्हणालात, ‘खोली माझी हाय. मी बघीन.’ ते शिव्या देत गेले. तुम्ही उठलात, लुगडं झटकलंत आणि घरात गेलात. तुमची मुलगी दोन लेकरांना घेऊन ओटीवर गोधडी अंथरत होती, कारण आत जागा नव्हती. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

मी त्याच्या पुढच्या महिन्यात निघालो. मला कोणी काढलं नाही, मला राहता आलं नाही. निघण्याआधी एकदा धीर करून विचारलं, ‘मावशी, तुम्ही पुतण्यांना का अडवलंत? खोली त्याच दिवशी मिळाली असती.’ तुम्ही भात वैरत होता. मान वर न करता म्हणालात, ‘मिळाली असती. पन मग माझी नातवंडं तिथं कशी निजली असती?’

नवी जागा मला मिळत नव्हती, तीही तुम्हीच बघितलीत. खोल्या भाड्यानं देणाऱ्या तुमच्या नणंदेकडं मला घेऊन गेलात आणि माझ्यासमोर तिला सांगितलंत, ‘हा भांडतो. पन घर साफ ठेवतो, आनि याची बायको चांगली हाय.’ मी शरमेनं खाली पाहत होतो, नणंदबाई हसत होत्या. इतकी खरी शिफारस मला पुढं कुठल्याही साहेबानं दिली नाही. डिपॉझिट तुम्ही पहिल्या दिवशी घेतलं होतं तसंच, त्याच रुमालात बांधलेलं, परत दिलंत. मी म्हणालो, भिंतीला खिळे ठोकलेत, रंग गेलाय, काही कापून घ्या. ‘तुझंच व्हतं. माझ्याकडं नुसतं राखायला व्हतं.’ अंगठ्यापलीकडं सही येत नव्हती तुम्हाला. आणि मी, आयटीआयचा सर्टिफिकेटवाला, तुमच्यासमोर कायदा सांगत उभा होतो.

ऐरोलीत आता माझे दोन फ्लॅट आहेत. कंप्युटरवाली मुलं राहतात त्यांत. सोसायटीत कोणाला जागा भाड्यानं द्यायची असली की तो आधी माझ्याकडं येतो. मी सांगतो. भाडेकरू ठेवायच्या आधी त्याच्या जुन्या मालकाला भेटून या. पाणी पुरेल तेवढीच माणसं ठेवा. गळती भाडेकरूची आधी काढा, आपली मग. डिपॉझिटला हात लावू नका. लिहून द्या, सगळं लिहून द्या. आणि जागा हवी असली तर समोर बसून मागा, लाइट-पाणी तोडू नका. लोक म्हणतात, काका, तुमचा अनुभव दांडगा आहे. परवा एकानं विचारलंच, हे सगळं शिकलात कुठं? मी म्हणालो, असंच, आयुष्यात. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढं माझी गोष्टही सांगावी लागली असती, मावशी, आणि तेवढी हिंमत मला अजून झालेली नाही.