प्रबुद्धाचं पेटंट आणि माझा कुकर

विद्यानगर, हैदराबाद
रविवार, दुपार (तुझे दाजी आडवे झाल्यावर)

चि. नामदेव,

तुला अक्काचा सप्रेम जयभीम आणि पाठीत दोन धपाटे. जयभीम बासष्ट वर्षं पुरी केलीस म्हणून, आणि धपाटे साखर वाढलेली असताना नांदेडच्या लग्नात जिलबीवर हात मारलास म्हणून. (कुणी सांगितलं ते विचारू नकोस. अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईला बातमी आपोआप पोचते.) ज्योतीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, पायऱ्या चढताना उजवा पाय आधी टाक, आणि तुझं ऐकू नको. आम्ही इकडे मजेत आहोत. तुझे दाजीसुद्धा ठीक आहेत, फक्त मधे त्यांचा आवाज गेला होता. घाबरू नकोस, घसा धडधाकट आहे. आवाज मशीननं खाल्ला. तीच हकिगत लिहायला बसले आहे.

आता तू म्हणशील, हातात फोन असताना अक्काला पत्र कामून सुचलं? तर एक म्हणजे, फोनवर तुझ्या मागं ज्योती असते आणि माझ्या मागं दाजी असतात, आणि दोघंही आपण मधे बोलत नाही असं म्हणून मधे बोलतात. दुसरं म्हणजे, हे पत्र चुकून प्रबुद्धाच्या हाती लागलं तरी धोका नाही. पोरगा इंग्रजीत शिकला, शाळेत दुसरी भाषा तेलुगू घेतली, आणि माझं मराठी अक्षर त्याला दवाखान्यातल्या चिठ्ठीसारखं दिसतं. 'चि. प्रबुद्ध' एवढं तो वाचतो आणि पुढचं सगळं छानच असणार असं धरून चालतो.

तर तुझ्या या भाच्याला फिनलंडात पेटंट मिळालं, हे मी तुला कळवलं होतं. कशाचं, ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. मी आपली गल्लीत सगळ्यांना 'आवाजाचं' एवढंच सांगून पेढे वाटले. आता पक्कं कळलंय. माणूस फोनवर बोलत असताना त्याच्या मागचा जो काही आवाज असेल, पंखा, भांडी, रस्ता, शेजारी, तो सगळा गाळून टाकायचा आणि फक्त समोरच्याचं बोलणं पलीकडं पाठवायचं, असं मशीन त्यानं काढलंय. मशीन म्हणजे डबा नव्हे, फोनच्या आत बसतं ते. आणि त्याला हे शिकवावं लागतं म्हणे, लहान पोराला शिकवावं तसं. हे बघ बाळा, हा आवाज ठेवायचा; हा आवाज टाकायचा. असं लाखो वेळा.

नामदेव, तुला माझी नोकरी आठवते. नामपल्लीला टेलिफोनच्या बोर्डावर बसायची मी, कानाला हेडफोन, हातात लाइनी जोडायच्या दोऱ्या. हिंगोलीची लाइन लागली की आधी माणसाचा आवाज यायचा नाही, आधी खरखर यायची, त्या खरखरीच्या मागं कुठंतरी बैलाची घंटा, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि मग सगळ्याच्या तळाशी एक 'हॅलो'. त्यातून मी माणूस ओळखायची. दुकानातून बोलतोय की घरातून, खूश आहे की उसनं हसतोय, सगळं. माझ्या आयुष्याची भाकरी त्या खरखरीवर निघाली, आणि माझ्या पोटच्या पोरानं ती खरखरच जगातून नाहीशी करायचं पेटंट घेतलं. (तुझे दाजी म्हणतात, हा तुझ्यावर सूड आहे. दाजींचं सोड.)

चार वर्षांपूर्वी तो शेवटचा घरी आला होता, तेव्हा आठ दिवस काय करत होता माहीत आहे? रेकॉर्डिंग. स्वयंपाकघरात कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं माइक लटकवला होता. मला म्हणाला, आई, तुझ्या कुकरची शिट्टी पाहिजे. मी म्हटलं, घे ना राजा! एवढ्या लांब राहणारं लेकरू, आईच्या कुकरची शिट्टी बरोबर नेतंय म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. आठ दिवस मी त्याच्यासाठी शिट्ट्या काढल्या. डाळीची, भाताची, नुसत्या पाण्याची, झाकण वाकडं लावून फुसफुसणारी. डाळीचा इतका गाळ झाला की तुझे दाजी ती पेल्यातून प्यायले. मिक्सर, नळ, यादगिरी भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा, वरच्या मजल्यावरच्या समीनाआपांचा खलबत्ता, आणि सकाळी उठल्यावर दाजी जे खाकरतात (तुला माहीत आहे कसं, तू दोनदा पाहुणचार अर्धा सोडून गेला आहेस) तेसुद्धा, सगळं भरून घेतलं. विमानतळावर मी सोडायला गेले तेव्हा त्याच्या बॅगेत आपलं घर आहे असं मला वाटत होतं.

आणि पेटंटच्या पेढ्यांनंतर महिनाभरानं कळलं की ते सगळं त्यानं मशीनला 'टाकायचं' म्हणून शिकवलं! म्हणजे माझं स्वयंपाकघर गोंगाटात गेलं. तुझे दाजी गोंगाटात. समीनाआपांना मी सांगितलं तर त्यांनी पोराला येड्यातच काढलं, म्हणाल्या, "हौला हो गया क्या तुम्हारा बच्चा? मेरे मसाले की आवाज को कचरा बोला?" आणि आठ दिवस मला बिर्याणी पाठवली नाही. यात माझा काय गुन्हा होता, सांग.

मग यंदा मार्चमध्ये त्यानं आमच्यासाठी नवा टॅबलेट पाठवला, ते मशीन आत बसवून. 'आई, आता तुझा आवाज एकदम स्वच्छ येईल.' आला की! एप्रिलमध्ये जयंती आली. आमच्या गल्लीतून मिरवणूक निघते ती तू पाहिली आहेस, चाळीस ढोल असतात, काचा थरथरतात. मी त्याला फोन लावला आणि टॅबलेट गॅलरीतून बाहेर धरला. म्हटलं, घे, ऐक. खाली ढोल, ताशे, पोरं नाचतायत, नीळ उधळली जातेय, आणि मधे दाजी निळा फेटा बांधून हात वर करून घोषणा देतायत. पलीकडं प्रबुद्धाला काय गेलं असेल? ढोल गाळला, ताशा गाळला, माणसं गाळली, आणि फक्त गॅलरीतून मी 'अगं बाई, पडतील हे!' असं ओरडले तेवढं गेलं. तो म्हणतो, "आई, एवढे लोक गपचूप का नाचतायत?" अरे गपचूप? इथं मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता! लहानपणी याच मिरवणुकीत दाजींच्या खांद्यावर बसून जायचा तो, आणि पोराच्याच मशीननं त्याच्यापर्यंत जयंती पोचू दिली नाही. मला हसावं की रडावं कळेना. आधी हसले.

दाजींचं तर विचारूच नकोस. खाकरणं त्याच घशातलं आणि बोलणंही त्याच घशातलं, त्यामुळं मशीनला दोन्ही एकच वाटू लागलं. दाजी घसा ताणून बोलले की 'काय रे, बरा आहेस ना' यातलं फक्त 'ना' पलीकडं पोचायचं. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, मला जे जमलं नाही ते मशीननं तीन आठवड्यांत केलं. पण खरं सांगू, ते बिचारे खट्टू झाले. स्टेशनवर पार्सल ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस, हमालांच्या वरताण ओरडणारा, टॅबलेटासमोर कुजबुजायला लागला. शेवटी मी प्रबुद्धाला खडसावलं, काढ म्हटलं ते. त्यानं तिथून काहीतरी दाबून आमच्याकडचं बंद केलं. मी म्हटलं, आता तुझ्याकडचंही काढ. तर म्हणाला, "आई, माझ्याकडचं राहू दे ना, तू जेवलीस का?"

तिथंच मला खटकलं. कारण त्याच्या बाजूनं काही म्हणजे काही येत नाही, रे. गेली तीन वर्षं दर रविवारी फोन येतो आणि त्यात फक्त त्याचा आवाज असतो, धुऊन घडी घातल्यासारखा. मागं पंखा नाही, दार नाही, पाऊस नाही, पेल्याला चमचा लागत नाही. पोरगा कसल्या घरात बसलाय, काय खातोय, थंडी किती आहे, मला काही ऐकू येत नाही. 'कसा आहेस?' 'मस्त.' संपलं. आणि 'मस्त'च्या मागं काय आहे ते ऐकायला मला खरखर लागते. मला त्याची फार आठवण येते, नामदेव. हे एवढं एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

आता आजची गोष्ट. बारा वाजता फोन आला, तिकडं सकाळचे साडेनऊ. बोलून झालं, 'ठेवतो आई' म्हणाला, आणि घाईत त्यानं फोन बंद करायचं सोडून दुसरंच काहीतरी दाबलं. समोरून उठून गेला. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि मागं भिंत. आता दुसऱ्या कुणी फोन ठेवला असता. पण मी ऑपरेटर! लाइन सुटल्याशिवाय दोरी काढायची नाही हे हाडात बसलेलं. मी बसून राहिले. आणि पहिल्यांदाच त्याच्या घरातला आवाज आला. पावलं. कसलं तरी बटण. आणि मग कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला दाजी जेवता जेवता म्हणाले, "अगं, तीन झाल्या, बंद कर." मी उठून आत गेले तर गॅस बंद. आणि कुकर? कुकर दाजींच्या पुढ्यात टेबलावर, झाकण उघडं, अर्धा भात संपलेला.

मी परत येऊन बसले, तोवर टॅबलेटातून यादगिरीचा भोंगा ओरडायला लागला. सवयीनं पिशवी घेऊन गॅलरीत गेले. आणि तिथं उभी राहिल्यावर आठवलं की यादगिरी दोन वर्षांपूर्वीच गाडी विकून लेकीकडं वरंगलला गेला. मग माझ्या पाठीमागं दाजी खाकरले. ते सकाळचं, पाहुणे पळवून लावणारं, पूर्ण खाकरणं. मी वळून बघते तर दाजींच्या तोंडात घास आणि हातातला वरणाचा चमचा अधांतरी. माणूस इथं जेवतोय आणि फिनलंडातून खाकरतोय!

तेव्हा मला कळलं, तुलाही कळलं असेल. पोरगा सुटीच्या सकाळी एकटा, चार वर्षांपूर्वी भरून नेलेलं आमचं घर लावून बसतो. आणि स्वतःकडचं मशीन काढत नाही ते याचसाठी. तेच आवाज गाळायला शिकलेलं मशीन ते, त्यामुळं आम्हाला यातलं काही ऐकू येत नाही; आज घाईत त्याच्या हातून ते मशीनच बंद झालं. दाजींनी चमचा खाली ठेवला, 'मीठ कमी आहे' म्हणाले आणि हात न धुता गॅलरीत जाऊन उभे राहिले. मीठ बरोबर होतं.

आता मी त्याला याबद्दल एक शब्द बोलणार नाही. बोर्डावर कानावर पडलेलं बोर्डावरच ठेवायचं, हा नियम मी अडतीस वर्षं पाळला. शिवाय त्याचं काम मोठं आहे, नाव होतंय, तिकडं त्याची गरज आहे. त्यानं लगेच यावं असं माझं काहीच म्हणणं नाही. सुखात राहो. तू तब्येत सांभाळ, चालायला जात जा, आणि ज्योतीला माझा जयभीम सांग.

तुझी,
वैशालीअक्का

ता. क. बोर्डाचा नियम मला आहे, तुला नाही. एक तारखेला त्याचा तुला नेहमीचा फोन येईल. मामाच्या हक्कानं त्याला सांग की अशोक विजयादशमीला घरी यायचं म्हणजे यायचं. 'मला भेटायचंय' असं सांग. साखर वाढलीये म्हण, थोडं खोकून दाखव. (फोन तोंडासमोर धरून खोक, नाहीतर मशीन गाळेल.) मी लिहिलं असं कळू देऊ नकोस.

ता. क. २. आला तर किती दिवस राहणार ते विचारू नकोस. उगाच आकडा सांगतो आणि मग मी मोजत बसते.

ता. क. ३. वर एक गोष्ट लिहिली नाही, कारण दाजी पत्र बघायला मागतात आणि हे पान मी वेगळं ठेवणार आहे. ते गॅलरीत गेल्यावरही मी लाइन सोडली नव्हती. त्या रेकॉर्डिंगमध्ये खाकरण्याच्या नंतर मी आहे. आतून ओरडतेय, 'प्रबुद्धा, ताट वाढलंय रे, चल!' ते लांबून येणारं माणसाचं ओरडणं, म्हणजे तेही मशीनच्या हिशेबात गोंगाटच. आणि त्याच्यावर, त्या रिकाम्या खुर्चीच्या पलीकडून कुठून तरी, आताचा, खराखुरा, तो म्हणाला, 'आलो आई.'