बाबांची जावा आणि संभाजीकाका

येरवडा, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मदीप,
सप्रेम जयभीम.

तिकडे बंगळुरात तुम्ही तिघं मजेत असाल. इथे आई ठणठणीत आहे, जरा जास्तच. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस.

बाबांच्या जावा मोटरसायकलबद्दल लिहायचंय. बाबा गेल्यावर पार्किंगमध्ये गंजत पडलेली ती भंगारात काढायची असं आपलं ठरलं होतं. दिवाळीनंतर एक संभाजीकाका उगवले. एसटीतून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लोणी काळभोरला घर. द्वारकामावशीकडे आईची त्यांच्याशी ओळख झाली. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "अडुसष्ट सालची अडीचशे सीसी हाय. मूळची चेक देशातली, पण ही आपल्या म्हैसूरच्या कारखान्यातली. पुढं हिचीच येझदी झाली. एकाच दांड्यानं किक मारायची अन् त्यानंच गिअर टाकायचा. अशी गाडी भंगारात घालता व्हय?"

आणि हे गृहस्थ ती फुकट दुरुस्त करणार! पुण्यात फुकट कोणी पत्तासुद्धा सांगत नाही. मी लगेच नेटवर पाहिलं. जुन्या जावासाठी लोक वेडे झालेत. मग ते इंजिन उतरवून लोणीला घेऊन गेले. मी आईला म्हटलं, "परत आलं तर माझं नाव बदल." ती नुसती हसली. महिन्याभराने सगळी गाडीच टेम्पोतून गेली.

त्यात गेल्या आठवड्यात आई सहज विचारल्यासारखं म्हणाली, "कल्याणी, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला काय लागतं गं?"

कोणाच्या नावावर, ते तिने सांगितलं नाही.

रविवारी ती विहारात जाते म्हणून निघाली. द्वारकामावशी दर रविवारी विहारात असतेच, म्हणून तिला फोन केला, तर आई तिथे नाही. सरळ रिक्षा करून लोणीला गेले. पत्ता मी आधीच काढून ठेवला होता, हसू नकोस. घराजवळ पोचेपर्यंत तो आवाज आलाच. तुला आठवतो ना, भरल्या घशाने खोकल्यासारखा? उसाच्या कडेच्या कच्च्या वाटेवर निळा धूर, आणि गाडीवर आई. पंजाबी ड्रेस, पायात तुझे जुने बूट. संभाजीकाका लांब बांधावर उभे राहून ओरडत होते, "क्लच, क्लच सोडा हळू!"

मला बघून तिने गाडी थांबवली. शरमेल असं वाटलं होतं, पण कसलं काय.

"माझ्या नावावर करायचीय," ती म्हणाली. "लायसन्स काढतेय."

"बाबांची गाडी आहे ती, आई."

"होती. मागे एका बाजूला पाय सोडून जन्म गेला माझा त्या गाडीवर. पुढचा रस्ता मला त्यांच्या पाठीमुळे कधी दिसला नाही."

मी आवाज खाली आणला. "आणि हे काका? गाडीसाठीच येतात ना?"

"आधी मलाही तोच संशय होता," आई म्हणाली. "म्हणून म्हटलं, गाडी घेऊन जा आणि परत येऊ नका. दुसऱ्या दिवशी बसने आले. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही." मग हँडलकडे बघत म्हणाली, "आम्ही लग्न करतोय, बाळा."

एवढं एक वाक्य लिहायला मला दोन पानं लागली, धम्मा.

मी बरंच बोलले. लोक, जात, तुझी बायको, बाबांचा फोटो, सगळं काढलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? बस मागे." मी बसले. वाट खडबडीत होती, म्हणून तिच्या कमरेला धरलं. आई गाणं गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

काकांवर माझा अजून पुरता विश्वास नाही. दर रविवारी जाऊन बघणार आहे. पण आईवर संशय घ्यायचं मी सोडलंय.

नोंदणी मार्चमध्ये आहे. तीन साक्षीदार लागतात. द्वारकामावशी तयार आहे. तिसरी जागा आईने रिकामी ठेवलीय. कोणासाठी, ते विचारलं की उठून चहा टाकायला जाते.

तुझी ताई आणि दुसरी साक्षीदार,
कल्याणी