दुपारनंतरचा वास

इस्लामपूरजवळच्या मळ्यातून,
माघ, १९४७

प्रिय आकाराम,

इकडे सगळे खुशाल आहेत. गुऱ्हाळ लागलंय, रंगूचा गुडघा थंडीनं धरलाय आणि आपला गडी गुंडा बैलांखेरीज सगळ्यांवर ओरडतो. एवढंच लिहून पत्र संपवावं असं मनात आलं होतं, कारण मी तुझ्यावर चिडलोय आणि रागात माझं अक्षर बिघडतं. तरी लिहितो. संक्रांतीनंतर तू आलास तो नुसता साबणाचा वास घेऊन. पाणी प्यालास, गूळ तोंडात टाकलास, गावच्या कामाला आलेल्या तलाठ्यासारखा उठलास आणि कोरेगावची वाट धरलीस. असं का, हे तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आपण दोघंही मठ्ठ.

पलटणीतून माझ्या लेकाची, कृष्णातची पेटी आली तेव्हा तीत दाढीचा ब्रश, वस्तरा आणि ती जाड काचेची बाटली होती. बूच काढून हुंगलं, पण हे कशाचं पाणी ते कळेना. रंगू म्हणाली, "औषध असंल, ठेवा वर." पुढं तू पहिल्यांदा आलास, आणि तुझ्या मागोमाग तोच वास ओसरीवर चढला. इटलीत एका गोऱ्या शिपायाला चहाच्या पुड्या देऊन तुम्ही दोघांनी एकेक बाटली घेतली, हे तूच सांगितलंस. दाढीनंतर गालाला चोळायची. आधी झोंबते, मग लवंग-मिऱ्यासारखी नाकात शिरते, आणि दुपार कलली की नुसतं लाकूड उरतं, नव्यानं रंधा मारलेल्या फळीसारखं. चिखल, खेचरांची लीद, दारूगोळ्याचा धूर, "पर आबा, तेवढं लावलं की माणसांत आल्यागत वाटायचं," असं म्हणालास. कृष्णात गेला त्या सकाळीही त्यानं ती लावली होती. तू हे सांगितलंस त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदाच त्याच्याविषयी रडण्याशिवाय काही बोलणं झालं. बनू, त्याची बायको, धड वर्षभरही त्याच्याजवळ नांदली नव्हती. ती दाराआड सूप हातात धरून तशीच उभी राहिली.

तुला ठाऊक आहे, शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत. मोट हाकताना म्हणतो आणि बैल ऐकून घेतात. त्या कवितांत सुगंध म्हणजे मोगरा, नाहीतर केवडा. पुरुषाच्या गालावरच्या लवंगेवर कुणी एक ओळ लिहू नये, याचा मला मनस्वी राग येतो. म्हणून एकदा मीच ती बाटली उघडली. दाढी केली, चार थेंब चोळले. डोळ्यांत पाणी आलं, आणि लेक जवळ येईल असं वाटलं होतं ते काही झालं नाही. रंगू चुलीपासनं म्हणाली, "आवं, मटणाचा मसाला अंगावर सांडला व्हय?" गुंडानं लावली तर तो लग्नातल्या करवल्यासारखा घमघमला, बाजारात पोरं त्याला "अत्तरवाले" म्हणून हाका मारत होती. एकच बाटली, पण माझ्या अंगावर स्वयंपाकघर आणि गुंडाच्या अंगावर वरात. तुझ्या अंगावर मात्र ती कामाच्या माणसाची वाटायची. तू गेल्यावरही ओसरीवर ते लाकूड रेंगाळायचं, आणि बनू त्या दिवशी झाडायला उशीर करायची. हे मी बघत होतो.

तिचं काय करायचं, यावर भावकीचं एकच तुणतुणं. लालासाहेब म्हणतो माहेरी धाडा, दुसरा म्हणतो राहू द्या, शेतात राबंल. जणू ती जुनं औत आहे. आणि परवा कोंडीबा, तुझ्या गावचा, गूळ न्यायला आला तेव्हा कळलं, तू वास का सोडलास. आमच्या चावडीवर कुणीतरी तुला ऐकवलं म्हणे, "कृष्णातचा वास घिऊन कृष्णातच्या घरात शिरतोय गडी." आणि तू पाटाच्या पाण्यानं गाल धुतलेस, पुढच्या खेपेला साबण लावून आलास. अरे शहाण्या, तू आम्हाला जपायला गेलास आणि इकडे काय झालं? तू गेलास त्या संध्याकाळी बनूनं गुऱ्हाळावर मला हळूच विचारलं, "आबा, ते आता ते लावत न्हाईत व्हय?" मी म्हणालो, "संपली असंल." ती कढईवरची मळी काढत राहिली, आणि पुन्हा तुझं नाव तिनं घेतलं नाही. तिला वाटलं, तू येणंच संपवलंस.

आता मुद्द्याचं. आमच्यात पाट लावत नाहीत, विधवेचं पुन्हा लग्न करत नाहीत, असं भावकी म्हणते. जे लावतात तेही अंधारात लावतात, बाईचं तोंड कुणी बघू नये म्हणून. मी लावणार आहे, आणि भर दिवसा, ओसरीवर, सूर्य डोक्यावर असताना. ज्याला यायचं नसेल त्यानं येऊ नये. रंगूनं बनूला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आधी त्यांना इचारा." म्हणून हे पत्र. तुझ्या मनात नसेल तर एक ओळ लिही, मी तुला दोष देणार नाही. असेल तर वडीलधाऱ्यांना घेऊन ये आणि गालाला जे लावायचं ते लावून ये. कृष्णातची जागा घेतोस असं समजू नकोस; ती कुणाला मिळायची नाही. तू तुझी कर. निघताना रंगू रडेल, मीही कदाचित गोठ्याकडे जाईन. तुम्ही थांबू नका. बनूला घेऊन जा.

वाट पाहत असलेला, तुझाच,
नाथाजी आबा